मॅव्हिसच्या फरश्या

इंग्लंडमधल्या मोरकमच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात गिऱ्हाईक नसतं. ओहोटीला समुद्र पार नजरेआड जातो, मागे नुसता चिखल चकाकत राहतो, आणि रस्त्यावरून कुत्री फिरवणारी चार माणसं जातात. तरी गॉर्डन त्याचं गेमचं पार्लर बारा महिने उघडं ठेवायचा. बंद ठेवलं तर भिंतींना ओल धरते आणि मशिनं बिघडतात, असं त्याचं म्हणणं. मी तिथे बिंगोचे आकडे पुकारायचे आणि मॅव्हिस हॉल्डन चिल्लरच्या खिडकीत बसायची. खिडकीच्या काचेला खाली अर्धगोल भोक होतं. नोट आत, नाणी बाहेर. आमचं बोलणंही त्या भोकातूनच व्हायचं. तिची मधली सुट्टी झाली की ती काचेमागून निघायची आणि चहा प्यायला माझ्याकडे न येता थेट कोपऱ्यातल्या मशीनकडे जायची.

मशीनवर काहीतरी जपानी नाव होतं. आम्ही सगळे त्याला फरश्याच म्हणायचो. पडद्यावर रंगीत फरश्या रचून ठेवलेल्या असायच्या. एखादी बाजूला ढकलली की ती कडेवरून खाली पडे, आणि सारख्या रंगाच्या दोन शेजारी आल्या की दोन्ही नाहीशा होत. सगळ्या गेल्या पाहिजेत. एक जरी जोडीवाचून उरली तरी डाव गेला. डोकं चालवायचा खेळ होता तो, त्यामुळे तरुण पोरं दोन नाणी घालवून निघून जायची. मॅव्हिस मात्र त्याच्यापुढे वर्षानुवर्षं उभी होती. एका हातात दांडी, दुसरा हात कोटाच्या खिशात. मशीन बंद होताना पडद्यावर पहिल्या दहा जणांची नावं यायची. दहाही ओळींत एकच नाव असायचं, एम-ए-व्ही.

तेव्हा ती छप्पन्न वर्षांची होती. नवरा विल्फ हेशमच्या बंदरावर कामाला होता, पण गुडघा निकामी झाल्यापासून घरीच असायचा. विल्फ वाईट माणूस नव्हता. मारायचा नाही, प्यायचा नाही, बोलायचाही नाही. घरात टीव्ही आणि टीव्हीवर स्नूकर. मुलगा ग्लिन ऑस्ट्रेलियात. नाताळात त्याचा फोन यायचा आणि निम्मं बोलणं तिकडे आत्ता किती वाजलेत यातच संपायचं.

एका जानेवारीत, दुपारी, एक किडकिडीत तरुण पार्लरमध्ये आला. बाहेरच्या थंडीतून आत आल्यामुळे त्याच्या चष्म्यावर वाफ धरली होती. तो बराच वेळ फरश्यांच्या मशीनपुढे नावं वाचत उभा राहिला आणि मग खिडकीशी आला.

"हे एम-ए-व्ही कोण?" त्याने विचारलं.

"का? काय केलंय त्याने?" मॅव्हिस म्हणाली.

"काही नाही. मला त्याला भेटायचंय."

"त्याला नाही, तिला. आणि भेटलास की. सुटे हवेत का?"

त्याने चष्मा काढून पुसला. त्याचं नाव कॉलिन. बोल्टनला एका छोट्या कंपनीत तो प्रोग्रॅम लिहायचा. पार्लरमधले खेळ घरच्या कॉम्प्युटरवर उतरवायचे, हा त्यांचा धंदा. आता फरश्यांचं काम त्यांच्याकडे आलं होतं.

"मग उतरव ना," मॅव्हिस म्हणाली.

"कसा उतरवू? जपानवाल्यांनी एक मशीन पाठवलं, बस्स. त्याच्या आतलं काहीच दिलं नाही. ना प्रोग्रॅम, ना चित्रं. म्हणाले, बघा आणि करा. आणि बघायचं तर खेळता यायला हवं. आमच्यापैकी कोणी तिसाच्या पुढच्या डावावर गेलेलंच नाही. शंभराच्या वर डाव आहेत म्हणे. तुम्ही कुठवर गेलायत?"

"मी ना? तो संपतो आणि मग परत पहिल्यापासून सुरू होतो. शेवटी ती बाई हात हलवते."

"बाई?" कॉलिनने भोकाजवळ तोंड आणलं. "कोणती बाई?"

"एक बाई असते. खिडकीत."

कॉलिन माझ्याकडे वळून म्हणाला, "यांना मी घेऊन जाऊ का?" मला हसूच आलं. मी म्हटलं, "मला काय विचारतोस, मालकाला विचार."

गॉर्डनची काही ना नव्हती. "जा मॅव्हिस. इथे तरी तू कोणाला सुटे देतेयस? फक्त ईस्टरच्या आधी परत ये."

घरी तिने विल्फला सांगितलं, "उद्यापासून मी बोल्टनला जाणार आहे."

"बोल्टनला काय?"

"फरश्यांचं काम आहे."

"न्हाणीघरातल्या?"

"नाही रे."

टीव्हीवर टाळ्या वाजल्या. कोणीतरी काळा चेंडू घातला होता. विल्फ थोडा वेळ तिकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जेवणाचं?"

"फ्रीजमध्ये ठेवेन."

एवढंच बोलणं झालं.

कंपनी म्हणजे गालिच्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालून नव्या लोकरीचा वास यायचा. वर कॉलिन, आणखी दोन तरुण आणि बर्नी नावाचा मालक. बर्नी दिवसभर फोनवर कोणाला तरी सांगत असायचा की काम जवळजवळ झालंय. मॅव्हिसला मशीनपुढे उभं केलं आणि तिच्या खांद्यामागे तिकाटण्यावर व्हिडिओ कॅमेरा लावला. ती खेळायची, कॅमेरा टिपायचा आणि रात्री घरी नेऊन कॉलिन एकेक डाव उतरवून काढायचा. मशीनला नाणं लागू नये म्हणून आत एक तार जोडली होती. तिचा हात तरी दर वेळी खिशात जायचा.

पहिल्याच दिवशी ती मध्येच थांबली. "हे काय वाजतंय?"

"काय?"

"हे टिंग टिंग टिंग."

"खेळाचंच गाणं आहे," कॉलिन म्हणाला. "तुम्ही इतकी वर्षं खेळताय ना?"

तिने ते कधी ऐकलंच नव्हतं. पार्लरमध्ये नाण्यांचा खळखळाट आणि माझे आकडे यांच्या खाली ते दबून गेलेलं असायचं. "आयरीन, तुझा आवाज मोठा आहे," ती मला नंतर म्हणाली, "पण तुझे आकडे ऐकायला बरे वाटायचे. त्या गाण्याने डोकं दुखतं." मग कॉलिनने मशीनचा आवाज बंद करून टाकला.

कॉलिन अबोल होता. सकाळी "गुड मॉर्निंग" म्हणायचा तेही जरा लाजत, सवय नसल्यासारखं. दुपारी डब्यातले गार बीन्स चमच्याने खायचा. दोन दिवस तिने पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी त्याच्यासाठी हॅम सँडविच आणि आल्याचा केक घेऊन आली.

"असं गार खाल्लं की पोट जातं, राजा."

"मला चव कळत नाही काम करताना."

"मग काम नसताना खा."

"काम नसताना..." तो म्हणाला आणि त्याने केकचा तुकडा मोडला. तो एकटा राहायचा, स्टेशनमागच्या एका भाड्याच्या खोलीत. घरमालकीण बहिरी होती. तीन वर्षांत या कामापलीकडे त्याची कोणाशी ओळख झाली नव्हती. हे त्याने तिला लगेच सांगितलं नाही, थोडं थोडं सांगितलं. दोघांची पाठ एकमेकांकडे असताना, ती मशीनपुढे आणि तो कॉम्प्युटरपुढे.

खरी अडचण रंगांची होती. मशीनवर आठ रंगांच्या फरश्या. पण ज्या स्वस्त कॉम्प्युटरवर खेळ उतरवायचा होता, त्याच्यावर रंग धड उमटत नसत, एकमेकांत सांडत. बर्नीने एके दिवशी बघितलं आणि म्हणाला, "हा सगळा चिखल झालाय. लोक पैसे परत मागतील."

"रंग सोडून द्यावे लागतील," कॉलिन म्हणाला. "प्रत्येक फरशीवर काहीतरी चित्र काढतो. त्रिकोण, चौकोन..."

"चौकोनावर चौकोन?" बर्नी म्हणाला आणि फोन वाजला म्हणून गेला.

मॅव्हिस म्हणाली, "मीसुद्धा रंगांनी खेळत नाही रे. मी त्यांना नावं दिलीत."

"कसली नावं?"

तिला सांगावं की नाही कळेना. मग सांगितलं. लाल तो पोस्टमन. पिवळी कस्टर्ड. काळी म्हणजे पाद्रीबाबा. हिरवी म्हणजे आईचा पडदा. निळी... निळा तो ग्लिनचा स्वेटर, शाळेत जायचा तेव्हाचा.

कॉलिन हसला. ती त्याला हसताना पहिल्यांदाच बघत होती. "म्हणजे तुम्ही तिथे उभ्या राहून पोस्टमनला पोस्टमनशेजारी नेता?"

"नाहीतर काय! आणि पाद्रीबाबाला कस्टर्डवर पाडते."

त्या संध्याकाळी त्याने खरोखर तशी चित्रं काढली. आठ ठिपके बाय आठ ठिपक्यांत पोस्टमनसाठी टपालाचं एक पाकीट, एक वाडगा, एक पाद्र्याची कॉलर, एक चुणीदार पडदा. स्वेटर जमेना. बाह्या यायच्या तर गळा जायचा. शेवटी दुसऱ्या दिवशी तिने शेजारी बसून सांगितलं, "गळा राहू दे, बाह्या लांब कर. तो लांबच होता, मी पुढच्या वर्षासाठी विणायचे." मग जमला.

फेब्रुवारी संपत आला तेव्हा खेळ कॉम्प्युटरवर चालायला लागला. सगळे डाव होते, चित्रं होती, शेवटची खिडकीतली बाईसुद्धा होती. आता मॅव्हिसने तो कॉम्प्युटरवर खेळून बघायचा होता. आणि तिथे ती हरली. ज्या डावातून ती बोलता बोलता पार व्हायची, तिथे फरशी उरू लागली. पुन्हा बसली, पुन्हा हरली. कॉलिन म्हणाला, दांडी बदलू. बदलली. तरी तेच.

"माझंच काहीतरी झालंय," ती म्हणाली. "हात गेले माझे."

"मशीनवर खेळून दाखवा बरं."

मशीनवर ती जिंकली. कॉम्प्युटरवर परत हरली. ते तीन-चार दिवस तिचे फार वाईट गेले. तिला वाटलं, आता हे सांगतील, बाई, झालं तुमचं काम. परतीच्या आगगाडीत ती खिडकीच्या काचेवर डोकं टेकून बसायची आणि एकदा लँकेस्टरला गाडी बदलायची विसरून पुढे गेली. घरी विल्फने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

त्या दिवसांत कॉलिन टेपच बघत बसला होता. तिचा खेळ तो चित्र चित्र थांबवून बघत होता. शुक्रवारी ती जिना चढून आली तेव्हा तो दारातच उभा होता.

"सापडलं. इकडे या, बघा."

टीव्हीवर एक फरशी कडेवर होती. कॉलिनने टेप एकेक पाऊल पुढे नेली. फरशी कडेवरून पूर्ण बाहेर आली होती, खाली काही नव्हतं, तरी ती पडत नव्हती. डोळ्याची पापणी लवेपर्यंत हवेत थांबत होती आणि मग पडत होती.

"आणि आता तुमचा हात बघा," कॉलिन म्हणाला. "ती थांबते तेवढ्यात तुम्ही दुसरी तिच्याखाली सरकवता. मी ते थांबणं ठेवलंच नव्हतं. मला दिसलंच नव्हतं."

"मी असं करते?"

"दर वेळी."

"मला नाही माहीत बाई." ती परत परत बघत राहिली. "मला वाटायचं मी नुसती ढकलते."

ते थांबणं घातलं आणि त्याच दुपारी ती शेवटपर्यंत पोचली. खिडकीतली बाई हात हलवू लागली. दोघं तरुण टाळ्या वाजवत उठले, बर्नीने फोनवरच्या माणसाला थांब म्हटलं. मग सगळे खालच्या पबमध्ये गेले. मॅव्हिसने अर्धा ग्लास शँडी, म्हणजे लेमोनेड घातलेली बिअर, घेतली. कॉलिन तिच्या शेजारी बसला होता. काम झालं होतं, त्यामुळे सोमवारी यायचं कारण नव्हतं. निघताना त्याने एक खोकं तिच्या हातात दिलं. त्यात टीव्हीला जोडायचा एक कॉम्प्युटर, दांडी, टेप वाजवायचं यंत्र आणि खेळाची पहिली टेप होती.

"आता घरी खेळा. रोज गाडीत बसायला नको."

"हो की," ती म्हणाली.

ईस्टरच्या आधी ती खिडकीत परतली. मे महिन्यात कॉम्प्युटरच्या एका मासिकात खेळाबद्दल छापून आलं. कॉलिनने पान कापून पाठवलं आणि तिने ते मला काचेला आतून चिकटवून दाखवलं. शंभरातले एक्क्याण्णव गुण. पार्लरमधलं मशीन जसंच्या तसं घरात आलंय, असं लिहिलं होतं. फरश्यांवरची ती चमत्कारिक चित्रं कोणाच्या डोक्यातून आली कळत नाही, पण एकदा बघितली की विसरत नाहीत, असंही.

"तुझ्या ग्लिनचा स्वेटर आता देशभर पोचला," मी म्हटलं.

"त्याला कळवलं मी. म्हणाला, कोणता स्वेटर?"

घरी काय झालं ते तिने मला सांगितलं, तेही हसत. टेप लावली की खेळ कॉम्प्युटरमध्ये चढेपर्यंत पाच मिनिटं नुसत्या किंकाळ्या यायच्या. विल्फ म्हणायचा, मांजर मारतेस का? मग फरश्या यायच्या. सगळं बरोबर होतं. पडायच्या तशाच, थांबायच्या तशाच. एका रविवारी ती बसून सगळे डाव खेळली आणि शेवटी पोचली. मग तिच्या लक्षात आलं की आपण खुर्चीवर बसून खेळलो, एवढ्या वर्षांत प्रथमच. पाय दुखत नव्हते. मागे कोणी नव्हतं. ती म्हणाली, "मला वाटायचं मी मशीनसाठीच तिथे उभी राहते. मशीन घरी आलं तर बरंच होईल म्हणायचे. पण खेळून झालं आणि मी बघितलं, तर साडेचार वाजले होते, आणि संध्याकाळ होतीच अजून सगळी."

जूनमध्ये गॉर्डनने कोपऱ्यातलं मशीन विकलं. "आता घरोघरी आहे ते. इथे कोण नाणी टाकणार?" त्या जागी त्याने लोखंडी आकड्याने खेळणी उचलायचं यंत्र बसवलं, आतमध्ये गुलाबी ससे.  सुट्टीत मॅव्हिस आता माझ्याकडे चहाला यायला लागली. पण ती नुसती बसायची. मी बोलायचे.

आणि विल्फला फरश्यांचा नाद लागला. स्नूकरचा हंगाम संपला होता. एक दिवस ती घरी आली तर हा टीव्हीपुढे, गुडघा स्टुलावर ठेवून, दांडी हातात.

"अगं, हे पाकीट कुठे न्यायचं?" त्याने मान न वळवता विचारलं.

तिला इतका आनंद झाला की कोट न काढताच ती मागे उभी राहिली. "थांब, आधी कस्टर्ड हलव. पाकिटाला आत्ता हात लावू नकोस."

"कस्टर्ड कुठलं?"

"तो वाडगा. डावीकडे. नाही, दुसरं डावीकडे. आता पाद्रीबाबाला..."

"मॅव्हिस, तू अशी मागे उभी राहिलीस की मला सुचत नाही."

ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने बटाटे सोलायला घेतले. पुढे विल्फने स्नूकरसाठी जुन्या बाजारातून दुसरा छोटा टीव्ही आणला, म्हणजे खेळ मोठ्यावर लावून ठेवता येईल. तो चांगला खेळायला लागला होता. तिला मात्र त्याने पुन्हा काही विचारलं नाही.

ऑक्टोबरात कॉलिन आला. मी त्याला ओळखलं, चष्म्यावर तशीच वाफ. मॅव्हिसने मला खिडकीत बसवलं आणि त्याला घेऊन ती बाहेर पडली. किनाऱ्यावरच्या बाकावर, वाऱ्याला पाठ करून, दोघांनी कागदातले चिप्स खाल्ले. हे सगळं मला तिने नंतर सांगितलं.

"खेळता का?" त्याने विचारलं.

"विल्फ खेळतो. तू?"

"मला नाही खेळता येत. फरशी दिसतच नाही, तिच्यामागचे आकडे दिसतात." त्याने एक चिप सीगलला टाकली.

"टाकू नकोस, मग सगळे येतील."

सगळे आले. दोघं उठून दुसऱ्या बाकावर गेली.

कॉलिन आता मोटारींच्या शर्यतीचा खेळ उतरवत होता. यावेळी मूळ कंपनीने सगळं पाठवलं होतं, प्रोग्रॅम, चित्रं, सगळं. "सोपंय," तो म्हणाला. "कोणी खेळून दाखवायला लागत नाही. बर्नी म्हणतो, आता सगळे असंच देणार."

"बरंय की मग."

"हो." त्याने चिप्सच्या रिकाम्या कागदाची घडी केली. मग म्हणाला, "सकाळी मी अजून दाराकडे बघतो. तुमची गाडी यायच्या वेळेला."

मॅव्हिसला पुष्कळ काही म्हणायचं होतं. दर रविवारी ये, म्हणायचं होतं. विल्फशी तुझी ओळख करून देते, जेवून जा, म्हणायचं होतं. पण तो तिचा कोण, आणि घरी जाऊन ते तिघं करणार काय, हे तिला कळेना. ती म्हणाली, "मफलर घालत जा राजा. छाती उघडी ठेवून फिरतोस."

"घालतो."

ती त्याला गाडीवर पोचवायला गेली. त्याने खिडकीतून हात केला, तिने केला. पुढे तीन-चार नाताळांना त्याचं कार्ड येत राहिलं, शेवटचं कॅनडातून, आणि मग नाही.

पण त्या दिवसाचं तिने मला सांगितलं ते असं. त्याची गाडी गेली. पलीकडच्या फलाटावर लीड्सला जाणारी गाडी उभी होती, दारं उघडी, आत दिवे लागलेले, हीटर चालू. डब्यात कोणी नव्हतं. मॅव्हिस आत जाऊन खिडकीपाशी बसली. तिकीट काढलं नव्हतं, कुठे जायचं नव्हतं. थोड्या वेळाने गार्ड आला.

"कुठे जायचंय, बाई?"

"कुठेच नाही, राजा. जरा बसले होते. उतरते मी."

गार्डने बाहेर बघितलं. पाऊस सुरू झाला होता. "सुटायला वेळ आहे अजून," तो म्हणाला. "बसा तुम्ही."

आणि तो पुढच्या डब्यात गेला. ती बसून राहिली.